रोजचा उपास



2020 सालच्या एप्रिल महिन्यातली गोष्ट आहे. त्या वर्षी गुढीपाडवा 25 मार्चला होता आणि नेमकी त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी लागली, हे तुमच्या लक्षात असेलच. दारोदार गुढ्या उभ्या राहिल्या आणि गावच्या वेशीवर बाभळीच्या फांद्या आडव्या पडल्या. एस. टी. बंद, आठवडी बाजार बंद, शाळा बंद. आम्हा शेती खात्यातल्या माणसांना मात्र घरी बसून चालणार नव्हते. रानात उभा असलेला माल शहरात पोहोचवायचा, शेतकरी गटांना वाहनाचे परवाने मिळवून द्यायचे, अशी कामे आमच्याकडे होती.

बालाघाटच्या पठारावरचे एक कोरडवाहू गाव. तिथल्या एका साडेतीन एकरवाल्याने विहिरीच्या पाण्यावर अर्धा एकर टरबूज केले होते. माझ्याच सल्ल्याने केले होते, हे आधीच सांगून टाकतो. फळ तयार झाले आणि व्यापारी फिरकेना. ते बघायला मी गेलो होतो. दुपार टळत आली होती. घरच्या वहिनी म्हणाल्या, "साहेब, ऊन लई झालंय, दोन घास खाऊन जावा."

मी आणि घरधनी जेवायला बसलो. ताटात दोन पोळ्या, पातळ वरण, मिरचीचा ठेचा आणि टरबुजाची फोड. ज्वारीच्या मुलखात पोळी बघून मला वाटले, पाहुणा आला म्हणून केली असेल. "वहिनी, तुम्हीही बसा," मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "आज सोमवार, उपास हाय माझा."

आठ-दहा दिवसांनी परत गेलो. या वेळी गुरुवार होता. पुन्हा तोच आग्रह, पुन्हा तीच ताटे, आणि वहिनींचा पुन्हा उपास. त्या पाण्याला गेल्या तेव्हा चौथीतली त्यांची मुलगी उंबऱ्यावर बसून माझ्याकडे बघत होती. मी सहज विचारले, "काय गं, तुझी आई आठवड्यात उपास तरी किती करते?" ती म्हणाली, "रोजच करते. शाळा बंद झाल्यापासून."

मंडळी, त्या पोरीला काही सांगायचे नव्हते आणि काही लपवायचेही नव्हते. पण माझ्या घशातला घास तिथेच अडकला. शाळा बंद होण्याचा आणि आईच्या उपासाचा काय संबंध, हे कळायला मला गाडीवर बसून गावाबाहेर येईपर्यंतचा वेळ लागला. शाळा चालू होती तोवर दोन्ही लेकरे दुपारची खिचडी शाळेत खात होती. शाळा बंद झाली, ती दोन पोटे दुपारी घरी आली. तेवढे धान्य आणायचे कुठून? तर आईच्या ताटातून. शाळेचा कोरडा शिधा पुढे घरपोच मिळाला, पण त्यालाही दिवस लागले.

आता तुम्ही म्हणाल, साहेब, देशात धान्यच नव्हते का त्या वर्षी? मीही हेच स्वतःला विचारले. उत्तर असे, की धान्य होते आणि रगड होते. 2020 च्या एप्रिलमध्ये सरकारी गोदामांतला गहू-तांदूळ ठरवून दिलेल्या राखीव साठ्याच्या दुपटीहून जास्त होता. हरभरा निघाला होता, गहू निघत होता. आणि आमच्या तालुक्यात, जिथे शेतकरी राहतो अशा घरात, एक बाई रोज उपास करत होती.

तुम्ही रानात दारे धरता. विहिरीला पाणी आहे, मोटार चालू आहे, आणि शेवटचा वाफा कोरडा आहे, असे दिसले तर तुम्ही विहिरीला दोष देत नाही. खोरे घेता आणि पाट बघत बघत जाता. कुठे उंदराने बीळ केले आहे, कुठे बांध फुटला आहे, कुठे वरच्याने दारे फोडून घेतले आहे. मीही त्या दिवसापासून तसाच पाट बघत निघालो. काय काय सापडले ते सांगतो.

पहिले भगदाड मजुरीचे. ज्याला जमीन नाही, त्याचे कोठार म्हणजे त्याची रोजची मजुरी. मजुरी थांबली की त्याच दिवशी त्याचे कोठार रिकामे होते. अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी 1981 सालच्या आपल्या ग्रंथात 1943 च्या बंगालच्या दुष्काळाचा हिशेब मांडला आहे. त्या साली बंगालमध्ये 1941 पेक्षा धान्य कमी नव्हते, तरी लाखो माणसे मेली, कारण मजूर, कोळी, कारागीर यांच्या हातात ते विकत घ्यायला पैसा राहिला नव्हता, असे त्यांनी दाखवले. आपल्या महाराष्ट्राला ही गोष्ट अनुभवाने कळली होती. 1972 च्या दुष्काळात वडीलधाऱ्यांनी मिलो आणि सुकडी खाल्ली, खडी फोडली, पाझर तलावावर माती वाहिली. मे 1973 मध्ये जवळजवळ 50 लाख माणसे अशा कामांवर होती. वि. स. पागे यांनी मांडलेली कल्पना, कामाची हमी, पुढे 1977 च्या कायद्यात उतरली. दुष्काळात माणसाला काम द्या, तो धान्य विकत घेईल, असे ते साधे गणित होते.

पण महासाथीत हे गणितच उलटे पडले. माणसे एकत्र येऊ नयेत म्हणून टाळेबंदी, आणि काम म्हटले की माणसे एकत्र येणारच. सुरुवातीचे काही आठवडे हमीची कामेही थांबली. 1972 ला पाऊस नव्हता, पण काम होते. 2020 ला पाऊसपाणी बरे होते, पण काम नव्हते.

आमच्या भागातल्या ऊसतोड मजुरांचे उदाहरण घ्या. दिवाळीनंतर कोयता घेऊन नवरा-बायको पश्चिम महाराष्ट्रात जातात, पाडव्याच्या सुमारास परततात. त्या वर्षी टाळेबंदीने लाखाहून अधिक माणसे फडावरच अडकली. मुकादमाकडून घेतलेली उचल आधीच फिटायची होती, सोबतचा शिधा संपत आला होता, आणि रेशनकार्ड गावी पत्र्याच्या पेटीत. एप्रिलच्या मध्यानंतर त्यांना घरी परतायची परवानगी मिळाली. तोवर त्यांनी कसे भागवले, ते त्यांनाच विचारावे.

आणि 8 मे 2020 ची पहाट कोण विसरेल? जालन्याहून आपल्या गावी, मध्य प्रदेशात, पायी निघालेले मजूर करमाडजवळ रेल्वेच्या रुळांवर टेकले आणि झोपी गेले. मालगाडीखाली 16 जणांचा जीव गेला. त्यांनी वाटेसाठी बांधून घेतलेल्या भाकऱ्या रुळांवर विखुरलेल्या सगळ्या देशाने पाहिल्या. ज्याचे पोट मजुरीवर, त्याची मजुरी बंद झाली की तो अन्नाच्या मागे नाही, आपल्या माणसांच्या मागे चालू लागतो.

दुसरे भगदाड बाजाराचे. हे आपल्या, म्हणजे जमीनवाल्यांच्या, बांधातले. द्राक्षे वेलीवर, केळी झाडावर, टरबूज रानात, आणि गिऱ्हाईक घरात कोंडलेले. हॉटेले आणि मिठाईची दुकाने बंद झाली तसा दुधाचा उठाव पडला. सरकारला जादा दूध घेऊन त्याची भुकटी करावी लागली. कोंबडीचे तर त्याआधीच वाटोळे झाले होते. कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो अशी खोटी आवई फेब्रुवारीतच उठली आणि पोल्ट्रीवाल्यांनी मातीमोल भावाने पक्षी दिले. त्या घरचे टरबूज आम्ही गटाच्या गाडीतून दोन वेळा शहरात नेले. खर्च निघाला, एवढेच. उरलेले शेळ्यांनी खाल्ले.

तिसरे भगदाड मी स्वतः पाडलेले आहे, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. त्या घरात पोळी का होती? कारण ज्वारीच नव्हती. रेशनचा गहू होता. पूर्वी त्याच रानात दीड एकर शाळू असे. मार्चमध्ये खळे झाले की पत्र्याची कोठी भरे आणि पुढच्या मार्चपर्यंत घरात दाण्याला मरण नसे. मग सोयाबीन आले. सोयाबीनवर हरभरा आला. पैसा दिसू लागला. शाळूला काढणीला माणूस मिळत नाही, पाखरे राखावी लागतात, भाव नाही, हे सगळे खरेच होते. मी सभांमधून सांगत असे, "ज्वारी काय, बाजारात विकत मिळते. नगदी पीक घ्या." हिशेब कागदावर बरोबर होता. पण त्या हिशेबात मी एक गोष्ट धरली होती, की बाजार रोज उघडा असेल आणि खिशात पैसा असेल. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसाने सोयाबीन भिजले, काळे पडले, पडेल भावाने गेले. हरभऱ्याचा पैसा खतवाल्याची उधारी भागवण्यात गेला. आणि मार्चअखेर बाजार बंद झाला, तेव्हा शेतकऱ्याच्या घरात खायला दाणा नव्हता.

सोयाबीन वाईट आहे असे मी म्हणत नाही. त्याने अनेकांच्या मुलींची लग्ने झाली, पोरे शिकली. पण सोयाबीन ताटात येत नाही. ते आधी पैसा व्हावे लागते, मग त्या पैशाचे धान्य व्हावे लागते. या दोन पायऱ्यांत कुठेही पाय घसरू शकतो, हे मी शेतकऱ्याला सांगायला हवे होते. सांगितले नाही.

चौथे भगदाड कागदाचे. टाळेबंदीत सरकारने अन्नसुरक्षेच्या कार्डावर माणशी 5 किलो धान्य मोफत दिले, नेहमीचे 5 किलो वेगळे. मोठा आधार झाला, यात शंका नाही. पण हे धान्य माणसाला मिळत नाही, कार्डावरच्या नावाला मिळते. त्या घरचे कार्ड मी बघितले. त्यावर नावे दोनच, घरधन्याचे आणि त्याच्या आईचे. वहिनींचे नाव अजून माहेरच्या कार्डावरून कमी झाले नव्हते, म्हणून इकडे चढले नव्हते. आईचे नाव नाही, म्हणून दोन्ही लेकरांचेही राहिले. धाकटा भाऊ पुण्याला कंपनीत कामाला गेला, तेव्हा त्याने नाव कमी करून घेतले आणि तिकडे कुठेच लावले नाही. टाळेबंदीत त्याचे काम गेले. दरमहा तो पाठवत असलेले दोन-तीन हजार बंद झाले, आणि तो बायकोला घेऊन घरी आला. आता खाणारी तोंडे सात आणि कार्डावर नावे दोन.

हिशेब करा. दोन नावांचे नेहमीचे 10 आणि मोफतचे 10, असे महिन्याला 20 किलो. सात माणसांत दिवसाला माणशी 100 ग्रॅमसुद्धा पडत नाही. सातही नावे असती तर 70 किलो मिळाले असते. गोदामात धान्य होते, दुकानात धान्य होते, दुकानदाराने मापात खोट केली नव्हती. तरी 50 किलो धान्य दर महिन्याला त्या घराच्या दारापर्यंत आलेच नाही, कारण माहेरून एक दाखला आणायचा आणि धाकट्या भावाचे नाव पुन्हा लावायचे राहून गेले होते.

ज्यांची केशरी कार्डे अन्नसुरक्षा योजनेत नव्हती, त्यांना मे आणि जून 2020 साठी राज्याने 8 रुपये किलोने गहू आणि 12 रुपये किलोने तांदूळ दिला. पण ज्यांच्याकडे कार्डच नाही, त्यांचे काय? गावाबाहेर पालावर राहणारी माणसे, आज या गावी, उद्या त्या गावी. कार्डाला पत्ता लागतो आणि त्यांना पत्ताच नसतो. वेस बंद झाली तेव्हा सर्वांत आधी तीच वेशीबाहेर राहिली. सुया-पोती, झाडू विकणे, खेळ करणे, मागून खाणे, सगळे एका दिवसात बंद. आपण काठ्या टाकून रस्ता अडवला तो रोगासाठी, पण त्या रस्त्याने कुणाची तरी भाकर येत होती, हे आपल्या ध्यानात आले नाही. काही गावांनी पालावर पीठ-मीठ पोहोचवले. पण ते ज्याच्या त्याच्या मनावर राहिले.

पाचवे भगदाड घरातले. आणि बंधूंनो, हे आपण कधी बघतच नाही, कारण ते चुलीपाशी आहे.

जगाच्या अन्न व शेती संघटनेने एखाद्या घरात अन्नाची ओढ किती आहे हे ओळखायला आठ प्रश्न काढले आहेत. त्यांचा मतलब आपल्या भाषेत असा: अन्न पुरेल का, याची काळजी वाटली का? सकस खायला मिळाले नाही असे झाले का? तेच ते, थोड्याच प्रकारचे खावे लागले का? एखादे जेवण चुकवावे लागले का? भुकेपेक्षा कमी खाल्ले का? घरातले अन्न संपले का? भूक लागूनही खाल्ले नाही, असे झाले का? सबंध दिवस उपाशी काढला का? या पायऱ्या आहेत. आधी काळजी येते, मग डाळ पातळ होते, मग भाजी जाते, दूध चहापुरते राहते, मग एक वेळ चुकते.

आता हेच प्रश्न त्या घरात घरधन्याला विचारले असते तर तो काय म्हणाला असता? "काळजी वाटली, साहेब, पण उपाशी कुणी राहिलं नाही." तो खोटे बोलला नसता. त्याला खरेच ठाऊक नव्हते. आपल्याकडे आधी पुरुष जेवतात, मग पोरे, मग सासू, आणि सगळ्यांचे झाल्यावर जिने रांधले ती. चार भाकऱ्या कमी पडल्या तर त्या चारही तिच्याच वाट्याच्या कमी पडतात. तिने "उपास आहे" म्हटले की प्रश्न मिटला. देवाधर्माच्या नावाखाली भूक झाकता येते आणि घराची अब्रूही राहते. पाहुण्यापुढे ताट ठेवते तीही तीच, आणि त्या ताटाची किंमत मोजते तीही तीच. त्या दोन दुपारी मी जेवलो ते कुणाचे, हे सांगायची आता गरज नाही.

माझी आजी 1918 साली तेरा वर्षांची होती. त्या साली मानमोडीचा ताप आला. तेव्हाही पाऊस दगा देऊन गेला होता आणि धान्य महाग झाले होते. त्या साथीत आपल्या देशात एक कोटीहून अधिक माणसे गेली. 1921 च्या खानेसुमारीत देशाची लोकसंख्या 1911 पेक्षा कमी भरली, एवढा तो घाला होता. आजी सांगायची, "घरात तापाने सगळे पडले, की उठून पेज करायची ती बाई. आणि पेज पुरली नाही, की तीच सगळ्यात आधी जायची." शंभर वर्षांनी औषधे बदलली, लस आली. चुलीपुढची रांग मात्र तीच आहे. आजच्या पाहणीतही आपल्या राज्यातल्या अर्ध्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. ते एका साथीने कमी झालेले नाही. साथ आली की फक्त दिसू लागते.

वाचक हो, दोष दाखवणे सोपे असते. शेती खात्यात जन्म घालवलेल्या माणसाने उपाय सांगितल्याशिवाय लेख संपवू नये. म्हणून चार गोष्टी सांगतो. पुढची साथ असो, दुष्काळ असो, की नुसता भाव पडलेला असो, त्या उपयोगी पडतील.

एक. घरचे धान्य घरात ठेवा. पाच माणसांच्या घराला दिवसाला दोन किलो धान्य धरा. वर्षाचे सव्वासात क्विंटल होते. पाचही नावे कार्डावर असतील तर माणशी 5 किलोप्रमाणे वर्षाला 3 क्विंटल रेशनवर येते, आणि सध्या ते मोफत आहे. उरले सव्वाचार क्विंटल. चांगल्या ओलीवर कोरडवाहू शाळू एकरी चार-पाच क्विंटल देतो. म्हणजे एक एकर शाळू, एवढेच मी मागतो आहे. आपल्या राज्यात सरासरी धारण सव्वातीन एकरांच्या आसपास आहे. बाकीच्या रानात खुशाल नगदी पीक घ्या. ज्याला एकर जमत नाही त्याने अर्धा एकर करावा. सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी सोडा, वरणाचे भागेल. शाळूचा कडबा जनावरांना होईल, तो फायदा वेगळा. आणि साठवताना धान्य कडक वाळवा, दाताखाली कटकन तुटले पाहिजे. कोठी स्वच्छ करून, जमिनीपासून उंच, भिंतीपासून दूर ठेवा. थरात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालायची आपल्या आज्यांची रीत चांगली आहे.

दोन. आज हा लेख वाचून झाला की रेशनकार्ड काढा आणि नावे मोजा. घरात सून आली असेल तर माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला आणा आणि इकडे चढवा. लेकराचा जन्म झाला की जन्मदाखल्यासोबत त्याचेही नाव लावा. वेगळे राहणाऱ्या भावांनी कार्ड विभक्त करून घ्या. कुणी कामासाठी परगावी जाणार असेल तर कार्डाचा नंबर सोबत लिहून न्यावा. आता आपल्या कार्डावर देशात कुठल्याही गावी धान्य उचलता येते. हे काम साथीच्या दिवसांत होत नाही, बऱ्या दिवसांतच करून ठेवायचे असते.

तीन. मोरीच्या सांडपाण्यावर परसबाग करा. एक शेवगा, एक कढीपत्ता, मांडवावर दोडका किंवा भोपळा, चार वाफे पालेभाजी, आणि दारात पाच-सहा गावरान कोंबड्या. बाजार बंद पडला तरी शेवग्याचे झाड बंद पडत नाही. आणि बचत गटातल्या बहिणींनो, पैशाच्या पेटीसोबत एक धान्याची कोठी ठेवा. सुगीत प्रत्येकीने एक-दोन पायल्या घालाव्यात, अडचणीला न्याव्यात, पुढच्या सुगीत परत आणाव्यात. त्यातला पहिला हक्क गावातल्या भूमिहीन बाईचा आणि विधवेचा ठेवा. किराणावाल्याची उधारी साथीत सर्वांत आधी बंद होते, हे तुम्ही पाहिलेच आहे.

चार. ताटे एकदम वाढा. याला ना खत लागते, ना अनुदान. परातीत भाकऱ्या किती आहेत, ते सगळ्यांना दिसू द्या. चार कमी असतील तर सगळ्यांनी अर्धी-अर्धी कमी खावी. एकीनेच सगळा तोटा सोसायचा आणि बाकीच्यांना त्याचा पत्ताही नाही, असे आपण भावकीच्या वाटणीत चालू देतो का? मग ताटाच्या वाटणीत का चालू द्यावे?

त्या घराचे पुढे काय झाले, हे तुम्ही विचाराल. त्या गुरुवारी मी घरी आलो, बायकोला सगळे सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी घरातल्या ज्वारीचे एक पोते गाडीवर टाकून नेले. वहिनींनी आधी घेतले नाही. मग म्हणाल्या, "उसने म्हणून देत असाल तर घेते." नावांचे कागद मी स्वतः मागे लागून केले, सगळी नावे चढायला 2021 साल उजाडले. धाकटा भाऊ परत पुण्याला गेला. 2020 च्या ऑक्टोबरच्या पावसाने पुन्हा सोयाबीन खाल्ले, पण त्याच ओलीवर त्यांनी एक एकर शाळू पेरला. मी न सांगता पेरला.

मार्चमध्ये खळे झाल्यावर मुद्दाम गेलो. कोठी भरली होती. वहिनींनी दारातच एक पोते काढून ठेवले होते, माझे उसने फेडायला. मी नको म्हणालो, तर म्हणाल्या, "मग पुढल्या वेळी आमच्यात जेवायचं नाही तुम्ही." पोते घेऊन आलो.

त्या दिवशी जेवायला ज्वारीची भाकरी होती. मी म्हणालो, "वहिनी, आज सगळ्यांची ताटे एकदम." त्या हसल्या, पदर सावरला, "तुमचं होऊ द्या, मग बसते," म्हणाल्या. घरधनी माझ्याकडे बघत राहिला. मग उठला, आत गेला, एक ताट घेऊन आला आणि आपल्या शेजारी ठेवले. वहिनी काही लगेच बसल्या नाहीत. सासूबाई चुलीपाशी होत्या, बाहेर पाहुणा होता. त्या ताटावर त्यांच्या मुलीने एक भाकरी आणून ठेवली आणि म्हणाली, "आई, आज सोमवार नाही."

मग त्या बसल्या.